टाळू शिवून झाली, आता जबड्याचं काय? पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी गोव्यात ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. दुभंगलेला ओठ किंवा दुभंगलेली टाळू घेऊन जन्मलेली मुलं माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथून येणारे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथेच मुलांची मोलाची वर्षं वाया जाताना मी पाहिली आहेत.

ओठ शिवला, टाळूही शिवली. ऑपरेशन छान झालं म्हणाले. मग दातांच्या डॉक्टरकडे कशाला पाठवलं?

ऑपरेशन छान झालंच आहे, त्यात शंका नको. ओठ साधारण ३ ते ६ महिन्यांचा असताना शिवतात आणि टाळू ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे बाळ नीट बोलायला लागायच्या आत. नाकातून दूध आणि पेज येणं थांबतं, बाळ अंग धरतं, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि इथेच बहुतेक घरांत फाइल कपाटात जाते. पुढे ते मूल मला भेटतं एकदम १५व्या-१६व्या वर्षी. वरचा ओठ आत बसलेला, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आलेले, हसू आलं की हात आधी तोंडावर.

मधल्या वर्षांतच जबडा वाढत असतो. ऑपरेशनने फट बंद होते. पण त्या फटीच्या दोन्ही बाजूंचा जबडा पुढे वाढतोय की नाही, दात कुठून येताहेत, हे वेळोवेळी पाहणारं कुणीतरी लागतं. तुम्ही ज्याला 'तारा लावणारा डॉक्टर' म्हणता, त्याचं खरं काम हे आहे. तारा सगळ्यात शेवटी येतात आणि त्यातल्या त्यात सोप्या असतात.

वरचा जबडा मागे का राहतो? टाळूच्या ऑपरेशनमुळे का?

बऱ्याच अंशी, हो. हे मी लपवत नाही, कारण पालकांना ते कधीतरी कळतंच आणि मग सर्जनवरचा विश्वास उडतो.

टाळू शिवताना दोन्ही बाजूंचं मांस हाडापासून सोडवून मधे आणावं लागतं. जखम भरते तशी तिथे वण तयार होतो. भाजल्यावर हाताची कातडी कशी ओढली जाते, तसा हा वण टाळूत ओढ धरून बसतो. मूल वाढतं, वण तेवढा वाढत नाही. त्यामुळे वरचा जबडा पुढे यायला आणि रुंद व्हायला अडतो.

हे कशावरून समजलं, तेही सांगते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमधले ऑर्थोडॉन्टिस्ट मायकल मार्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४पासून श्रीलंकेत गॉल भागात काम केलं. तिथे त्यांना मोठेपणापर्यंत टाळूचं ऑपरेशनच न झालेली माणसं भेटली. त्यांचा वरचा जबडा बहुतेक पुरता वाढलेला होता. म्हणजे मुळात वाढीची ताकद त्या जबड्यात असते.

मग ऑपरेशन केलंच नसतं तर बरं नव्हतं का?

नाही. त्या श्रीलंकेतल्या माणसांचे जबडे चांगले होते, पण त्यांचं बोलणं दुसऱ्याला कळत नव्हतं, आणि मोठेपणी टाळू शिवूनही बोलण्याची खोड पुरती गेली नाही. जबडा मागे राहिला तर १८व्या वर्षीही पुढे आणता येतो. बोलण्याची वेळ एकदा गेली की ती तशी परत मिळत नाही. म्हणून टाळू वेळेवरच शिवायची आणि जबड्याकडे पुढे सतत लक्ष ठेवायचं.

ग्रहणात हिने सुरी हातात घेतली होती, असं सासूबाई म्हणतात.

ग्रहणाचा काही संबंध नाही. ओठ गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू त्यानंतरच्या काही आठवड्यांत, बाराव्याच्या आसपासपर्यंत. आपल्याला दिवस गेलेत हे पुष्कळदा आईला नीट कळलेलंही नसतं, तेव्हाच हे सुरू झालेलं असतं. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला हे होतं. ज्या देशांत ग्रहण कुणी पाळत नाही, तिथेही होतं. कारणं मिश्र असतात: काही आनुवंशिक, काही गर्भारपणातली, जसं धूम्रपान किंवा फिट्सची काही औषधं. सासूबाईंना पुढच्या वेळी बरोबर घेऊन या. मी त्यांच्याशी बोलेन. आईने हे ओझं घेऊन फिरू नये, असं मला मनापासून वाटतं.

तान्ह्या बाळाला प्लेट लावायला सांगितली आहे. लावावी का?

ही प्लेट जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लावतात. टाळूवर बसणारी छोटी प्लेट, गालावर चिकटपट्ट्या, नाकपुडी उचलायला एक लहानसा आकडा. न्यूयॉर्कच्या बॅरी ग्रेसन यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत रुळवली. फट जवळ येते, बसकी नाकपुडी उचलली जाते, सर्जनचं काम सोपं होतं. मात्र दर आठवड्या-पंधरवड्याला प्लेट घासून घ्यायला यावं लागतं आणि गालाची कातडी लाल होते.

जबड्याच्या पुढच्या वाढीसाठी म्हणून ती लावू नका. नेदरलँड्समध्ये बाळांचे दोन गट करून साध्या, नाकाचा आकडा नसलेल्या प्लेटचा अभ्यास झाला, त्यात जबड्याला टिकाऊ फायदा दिसला नाही. फट मोठी असेल, नाक फार बसलं असेल आणि येणं-जाणं जमत असेल तर लावा. जमत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. प्लेट न लावताही ओठ उत्तम शिवला जातो.

दोन ते सहा वर्षांपर्यंत काहीच करायचं नाही?

तारा नाहीत, पण दुधाचे दात सांभाळायचे. फटीजवळचे दात वेडेवाकडे येतात, त्यांच्यावरचं आवरण कच्चं असतं, आणि 'तिथे दुखेल' म्हणून आई ब्रश लावत नाही. मग कीड तिथेच आधी लागते. ब्रश लावा. मऊ, लहान डोक्याचा घ्या आणि ओठ बोटाने वर उचलून घासा. रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवू नका. पुढचं सगळं काम याच दातांच्या आधाराने होणार आहे. दाढा किडून काढाव्या लागल्या तर प्लेट अडकवायची कशावर?

कानही तपासून घ्या. टाळूचे स्नायू आणि कानाची नळी यांचं नातं असल्यामुळे या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचतं. मूल हाक मारल्यावर वळत नसेल तर 'मस्ती करतो' म्हणून सोडू नका.

पाचव्या वर्षी मी दातांचे ठसे घेऊन प्लास्टरचे साचे बनवते. त्यावरून वरचा-खालचा जबडा एकमेकांवर कसा बसतो ते पाहून १ ते ५ अशी श्रेणी लावतात. गॉसलॉन नावाची ही मोजपट्टी १९८७ची आहे. नाव आलंय ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट, लंडन आणि ऑस्लो यांवरून. १ आणि २ म्हणजे छान, ३ म्हणजे तारांनी भागेल, ४ आणि ५ म्हणजे पुढे जबड्याच्या ऑपरेशनची शक्यता मोठी. पाचव्या वर्षी दिसलेलं चित्र पुढे बदलतं, तरीही अंदाज येतो आणि घरच्यांना मनाची तयारी करायला वेळ मिळतो.

याची हनुवटी पुढे यायला लागली आहे. आजोबांवर गेलाय का?

हे मी फार ऐकते. मुलाला बाजूने उभं करा आणि नाकाच्या शेजारचा गाल पाहा. तिथे खोलगट, सपाट दिसत असेल तर हनुवटी आहे तिथेच आहे, वरचा जबडा मागे राहिलाय. म्हणून हनुवटी मागे दाबणारा पट्टा लावून उपयोग नाही. मागे राहिलेल्याला पुढे आणायचं असतं.

दात उलटे बसतात. स्क्रूची प्लेट कधी लावतात?

वरची कमान अरुंद झाली की वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. कमान रुंद करायचं काम साधारण ७ ते ९व्या वर्षी, हाड भरायच्या ऑपरेशनच्या (त्याबद्दल पुढच्या प्रश्नात) काही महिने आधी करतात. या मुलांत टाळूच्या मधोमध हाडाचा पक्का सांधा नसतो, त्यामुळे दोन भाग सहज सरकतात. मला घाई आवडत नाही. चार वेटोळ्यांची तार, म्हणजे क्वाड हेलिक्स, हळूहळू ढकलते आणि घरी काही करावं लागत नाही.

स्क्रूची प्लेट असेल तर चावी आई-बाबांना फिरवावी लागते. पहिल्या रात्री सगळ्यांचे हात थरथरतात. मुलाचं डोकं मांडीवर घ्या, दुसऱ्याला मोबाइलचा टॉर्च धरायला सांगा. चावीला आधी दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळा, म्हणजे निसटली तरी घशात जाणार नाही. टोक भोकात घाला आणि दातांकडून घशाकडे ढकला, पुढचं भोक दिसेपर्यंत. हे झालं साधारण पाव मिलिमीटर. मग चावी मागच्या बाजूने काढा. पुढे ओढून काढलीत तर फिरवलेलं उलटं फिरतं.

पुढच्या दातांत फट पडायला लागली, टाळूतलं बारीक भोक मोठं वाटायला लागलं, पेज पुन्हा नाकात येतेय असं वाटलं, तर घाबरू नका पण कळवा. भोक आधीही होतं, दुमडीत लपलेलं होतं.

हाड भरायचं ऑपरेशन म्हणजे काय? ते नेमकं कधी?

पूर्ण पान वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी वाचा.

ओठ आणि टाळू शिवली तरी हिरडीच्या आतल्या हाडात फट तशीच राहते. कायमचा सुळा याच फटीच्या काठावर वर चढलेला असतो. हाड नसेल तर तो खाली उतरणार कुठून? म्हणून कमरेच्या हाडातून मऊ, दाणेदार हाड काढून ते फटीत भरतात. सुळा त्या नव्या हाडातून वाट काढत खाली येतो, आणि तो आला की हाडही टिकून राहतं. दाताविना पडून राहिलेलं हाड हळूहळू विरघळतं. दुभंगलेल्या जबड्याचे दोन भाग एक होतात, नाकपुडीला खालून आधार मिळतो, हिरडीवरचं भोक बंद होतं. एका ऑपरेशनने एवढं सगळं साधणारं दुसरं काही या उपचारांत नाही. १९८०च्या दशकात ऑस्लोच्या डॉक्टरांनी आपले निकाल छापले, तेव्हापासून हीच वेळ जगभर पाळली जाते.

वेळ म्हणजे साधारण ८ ते ११ वर्षं, पण वाढदिवस पाहून तारीख ठरवत नाहीत. एक्स-रेवर सुळ्याचं मूळ अर्धं ते दोन तृतीयांश तयार झालेलं दिसलं की वेळ झाली. फटीत जादा दात असेल तर तो काही आठवडे आधी काढावा लागतो, म्हणजे हिरडी भरून येते.

आणि इथेच आपल्याकडे तारखा सरकतात. 'डॉक्टर, चवथ होऊ दे.' मग दिवाळी. मग परीक्षा, मग शिगमो, मग कमरेतून हाड काढतात म्हटल्यावर आजी रडते आणि एक वर्ष जातं. सुळा चवथीसाठी थांबत नाही. तो हाड नसलेल्या जागी उतरला की त्याच्या मुळाला आधार मिळत नाही, आणि नंतर भरलेलं हाड तितकं धरत नाही. कमरेचं म्हणाल तर मूल काही दिवस लंगडतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जिने चढतं. चालण्यावर कायमचा परिणाम होत नाही.

फेसमास्क लावला तर ऑपरेशन टळेल का?

काहींचं टळतं, काहींचं लहान होतं, काहींचं राहतंच. कुणी तुम्हाला छातीठोकपणे 'टळेल' म्हणालं तर सावध राहा.

फेसमास्क म्हणजे कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक गादी, मधे दांडी. तोंडातल्या प्लेटच्या आकड्यांपासून त्या दांडीपर्यंत रबर ताणतात. कपाळ आणि हनुवटीचा आधार घेऊन वरचा जबडा पुढे ओढला जातो. एका बाजूला साधारण ३५० ते ४५० ग्रॅम इतकी ओढ, रोज १२ ते १४ तास, ९ महिने ते वर्षभर. सुरुवात ८व्या वर्षाच्या आसपास केली तर हाड जास्त सरकतं. १२व्या वर्षी केली तर बहुतेक दातच पुढे येतात.

तैवानच्या एरिक लिऊ यांनी आधी काही आठवडे जबडा आलटून पालटून रुंद-अरुंद करून सैल करायचा, मग ओढायचा, अशी पद्धत २००५ मध्ये मांडली. ज्यांच्या टाळूतला वण फार घट्ट आहे त्यांच्यासाठी ती विचारात घेण्यासारखी आहे.

आपल्या हवेत खरी अडचण घामाची. मे महिन्यात हनुवटीखाली पुरळ येतं आणि मूल मास्क भिरकावून देतं. गादीखाली जुन्या धुतलेल्या सुती साडीचा मऊ तुकडा घाला आणि तो रोज बदला. शाळेतून आल्यावर अभ्यासाला बसताना लावा आणि रात्रभर ठेवा. शाळेत घालून पाठवू नका, मला तास कमी पडलेले चालतील. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मुलाला स्वतःच तास लिहू द्या. साखळीची एक मुलगी लिहायची, आणि कमी तास झालेल्या दिवशी कारणही लिहायची: 'पावणे आले', 'नाक चोंदलं', 'राग आला'. तिचा चौकोन रिकामा कधी नव्हता. तिचा जबडा अपेक्षेपेक्षा बराच पुढे आला.

लहान प्लेटा हाडात बसवून रबर लावतात, असं ऐकलं.

बेल्जियमचे ह्यूगो दे क्लेर्क यांची ही पद्धत. चार छोट्या धातूच्या पट्ट्या जबड्यांच्या हाडाला स्क्रूने लावतात आणि तोंडातल्या तोंडात वरून खाली रबर चोवीस तास. बाहेर काही दिसत नाही. त्यासाठी हाड पुरेसं घट्ट लागतं आणि खालचे सुळे आलेले असावे लागतात, म्हणजे साधारण ११ वर्षांच्या पुढे. हाड भरलेलं असेल तर ते आधी पक्कं होऊ द्यावं लागतं. फेसमास्कचं वय निघून गेलेल्यांना हा चांगला मार्ग आहे, पण त्यासाठी लहान ऑपरेशन दोनदा होतं, बसवताना आणि काढताना.

सगळं करूनही मोठेपणी जबड्याचं ऑपरेशन लागलं तर?

तर ते करायचं. त्यात आधीचे कष्ट फुकट जात नाहीत. बऱ्याच केंद्रांच्या नोंदींत टाळू-ओठ दोन्ही दुभंगलेल्या मुलांपैकी साधारण चौघांत एकाला हे लागतं.

वरचा जबडा आडवा मोकळा करून पुढे आणतात. फार पुढे आणायचा असेल, साधारण १० मिलिमीटर किंवा जास्त, तर एकदम न ओढता यंत्र लावून रोज १ मिलिमीटर सरकवतात. मधे नवं हाड भरत जातं आणि वणालाही ताणायला वेळ मिळतो. हे वाढ थांबल्यावरच, मुलींत साधारण १६ आणि मुलांत १८च्या पुढे. सहा महिने ते वर्षाच्या अंतराने डोक्याचे बाजूने दोन एक्स-रे काढून वाढ थांबली का ते पाहतात. जबडा पुढे आल्यावर टाळू घशापासून दूर जाते आणि आवाज नाकातून येणं वाढू शकतं, म्हणून आधी स्पीच थेरपिस्टकडून तपासणी हवीच.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाचे दात मी १३व्या वर्षीच तारांनी जुळवून दिले. वरचे पुढे कलवले, खालचे मागे घेतले. सुंदर दिसले, आई खूश, मीही खूश. मग तो उंच वाढला, खालचा जबडाही वाढला, आणि १७व्या वर्षी दात पुन्हा उलटे. ऑपरेशनसाठी मला तेच दात पुन्हा मूळ कलावर आणावे लागले. त्याची दोन वर्षं माझ्यामुळे गेली. तेव्हापासून जबडा फार मागे असलेल्या मुलाच्या दातांची मी घाईने सारवासारव करत नाही, आईवडिलांनी कितीही आग्रह केला तरी.

फटीजवळचा एक दात आलाच नाही.

पटाशीच्या बाजूचा दात या मुलांत पुष्कळदा तयारच होत नाही. एकतर सुळा त्या जागी सरकवून घासून त्याच्यासारखा करतात, किंवा जागा राखून वाढ संपल्यावर दात बसवतात. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, वाढत्या वयात नको.

तारा असताना काय खाऊ नये?

जत्रेतलं खाजं. बाकीची यादी नंतर. शिरगावची जत्रा झाली की त्या आठवड्यात तुटलेले ब्रॅकेट घेऊन मुलं येतात. पोदेराचं (पाववाल्याचं) कडक काकण, म्हणजे बांगडीसारखा पाव, चहात बुडवून मऊ झालं तर चालेल. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) चालतील, तिळाचे कडक लाडू नाहीत.

हे सगळं गोव्यात होतं का? खर्च?

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आणि त्याच आवारात १९८० पासूनचं गोवा डेंटल कॉलेज आहे. प्लास्टिक सर्जन, कान-नाक-घसा, ऑर्थोडॉन्टिस्ट, लहान मुलांचे दंतवैद्य हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर, ही आपल्यासारख्या लहान राज्याची मोठी सोय आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे, आणि तो १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला मूल दाखवा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधीच कशाकशाला मंजुरी मिळते ते विचारून घ्या. स्माइल ट्रेनसारखी संस्थाही देशभरातल्या रुग्णालयांमार्फत मोफत शस्त्रक्रिया करवते.

वाळपई-पेडण्याहून येणाऱ्यांना माझं सांगणं: सगळ्या तपासण्या एकाच दिवशी मागून घ्या. मागायला लाजू नका. त्या दिवसाची मजुरी बुडवून तुम्ही येता हे समोरच्याच्या लक्षात आणून द्या.

पुढच्या बाळालाही होईल का?

आईवडिलांपैकी कुणाला नसेल आणि एकच मूल असं असेल, तर शंभरात साधारण ३ ते ५. म्हणजे बहुतेक होणार नाही. दिवस जाण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड सुरू करा. घरात आणखी कुणाला असेल तर आनुवंशिक सल्ला घ्या.

फाइल पावसात भिजली, जुने कागद गेले. आता कोणत्या तोंडाने यायचं?

तसेच या. कुणी रागावणार नाही. टाळू कुठे आणि साधारण कधी शिवली एवढं आठवलं तरी पुरे. एक्स-रे नवे काढता येतात. घरातले वाढदिवसाचे फोटो मात्र घेऊन या, विशेषतः ज्यांत मूल केक कापताना बाजूने दिसतं. मधे चार वर्षं न आलेली एक आई असे सात फोटो पिशवीतून घेऊन आली होती. आम्ही ते टेबलावर ओळीने मांडले. सहाव्या वाढदिवसाला गाल भरलेला होता, सातव्याला थोडा बसला, आठव्याला तिने स्वतःच बोट ठेवलं आणि म्हणाली, 'इथून.' मुलगा तेव्हा नऊचा होता. एक्स-रेवर सुळ्याचं मूळ अजून अर्धंच झालेलं होतं.